२० मिमी उंचीच्या फटीत लो बीम बसवायचा आहे, लाइट गाइडने जमेल का?

कुंडईचा टूलरूमवाला

नमस्कार मंडळी. कुंडई औद्योगिक वसाहतीत माझं छोटं टूलरूम आहे. साचे बनवतो, शेजारच्या शेडमध्ये इंजेक्शन मोल्डिंगची मशीनं आहेत. औषधांच्या बाटल्यांची झाकणं, स्विचबोर्डांचे भाग, असली कामं नेहमीची. प्रकाशाच्या कामात मात्र नवखा आहे, तेव्हा उत्तर देताना जरा सांभाळून घ्या.

एका ओळखीच्या मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर करायला घेतली आहे. तिच्या तोंडावर हेडलाइटसाठी त्याने फक्त एक आडवी फट ठेवलीय. उंची २० मिमी, रुंदी ९० मिमी, मागे खोली ८० मिमी. याहून एक मिलिमीटरही वाढवून देणार नाही म्हणतो, तोंड बारीकच दिसलं पाहिजे. मी म्हटलं, ठीक आहे, हल्ली गाड्यांच्या डीआरएलमध्ये (दिवसा जळणाऱ्या पुढच्या दिव्यांत) प्रकाश प्लास्टिकच्या दांडीतून फिरवतात, तसंच करू. एलईडी खाली ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर, तिथून दांडी वर आणि काटकोनात वळून पुढे.

आता जे केलंय ते असं: १२ मिमी व्यासाचा ॲक्रिलिक रॉड गरम करून वाकवला, वाकणाची आतली त्रिज्या १० मिमी. एलईडी एकच, चिप १ चौरस मिमीची, २५० ल्युमेन, साधारण ३ वॅट. रॉडच्या पुढच्या तोंडासमोर २० x ४० मिमी कापलेली लेन्स. शेडमध्ये अंधार करून १० मीटरवरच्या भिंतीवर लक्समीटर धरला, सगळ्यात उजळ जागी ४ लक्स. कट-ऑफ, म्हणजे उजेडाची वरची धारदार रेघ, नाहीच, नुसता गोल पांढुरका डाग. आणि वाकणावर रॉड बाहेरून असा चमकतो की त्या उजेडात पेपर वाचावा.

पॉलिश कमी पडतंय का? की सरळ जास्त ताकदीचा एलईडी टाकू? पुढे हे पुण्याला टेस्टिंगला न्यायचं आहे, नुसतं दिसायला चांगलं असून भागणार नाही.

---

सावईवेरेकर

पॉलिशचा दोष नाही. एलईडी बदलूनही फारसं हाती लागणार नाही. दांडीच चुकीच्या कामाला लावलीय.

मी पुण्यात गाड्यांच्या दिव्यांचं ऑप्टिक्स बरीच वर्षं केलं, आता गावी बसून तेच करते. ही दांडी डीआरएलवरून हेडलाइटमध्ये आणण्याची कल्पना प्रत्येक नव्या डिझायनरला सुचते. डीआरएलच्या दांडीला काम वेगळं असतं. २००० च्या सुमारास बीएमडब्ल्यूच्या ५ सीरिजला त्या गोल कड्या आल्या, त्यांच्यात दांडीच्या पाठीवर बारीक दात असतात आणि ते प्रकाश वाटेत मुद्दाम बाहेर फेकतात. सगळी दांडी सारखी उजळ दिसली की काम झालं. हेडलाइटला उलट हवं: एकही किरण वाटेत सांडता कामा नये, आणि पुढे पोचेल तो दाटीवाटीनेच पोचला पाहिजे.

तुमचे ४ लक्स कुठून आले ते हिशेबाने बघू. १० मीटरवर ४ लक्स म्हणजे ४ x १०० = ४०० कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या झोताचा जोर). आता चिपकडे या. १ चौरस मिमीमधून २५० ल्युमेन सगळ्या दिशांना निघतात, त्याला पायने (π) भागलं की चिपची चकाकी येते साधारण ८० कँडेला प्रति चौरस मिमी. तो प्रकाश तुम्ही १२ मिमीच्या रॉडमध्ये घातलात. रॉडच्या तोंडाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी. रॉड सगळीकडे सारख्याच जाडीचा असल्यामुळे किरणांचा पसारा आत शिरताना होता तेवढाच बाहेर पडताना राहतो, आणि तोच प्रकाश ११३ पट जागेवर पसरतो. चकाकी उरली ०.७. आता लेन्स ८०० चौरस मिमीची. तिच्यातून जास्तीत जास्त ८०० x ०.७ = ५६० कँडेला निघू शकतात. शिरताना आणि निघताना प्रत्येक पृष्ठभागावर ४ टक्के परत जातात, वाकणावर गळती आहे, म्हणजे तुमचे ४०० अगदी बरोबर मोजलेत. लक्समीटर चांगला आहे, जपून ठेवा.

वाटीभर सोलकढी परातीत ओतली तर ती वाटीइतकी खोल राहत नाही, तसंच हे. पुढे कितीही भारी लेन्स लावा, परातीतली सोलकढी पुन्हा वर चढत नाही. कुठलंही ऑप्टिक्स स्रोताची चकाकी वाढवू शकत नाही, फार तर टिकवू शकतं. बारीक हेडलाइटचं सगळं गणित यातच आहे, कारण समोरचं क्षेत्रफळ तुम्हाला आधीच कमी दिलंय. २०,००० कँडेलाचा मधला ठिपका हवा असेल आणि वाटेत निम्मा प्रकाश गेला असं धरलं, तर ८० च्या चकाकीला निदान ५०० चौरस मिमी उजळ तोंड लागतंच. तुमच्या फटीत १८०० आहेत. म्हणजे जमेल. पण चकाकी वाया घालवायला जागा नाही.

वाकणाचं सांगते. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, क्रांतिक कोन ४२ अंश; भिंतीच्या लंबाशी याहून मोठा कोन करून आदळलेला किरण बाहेर पडत नाही. सपाट तोंडातून शिरलेला किरण आत अक्षाशी ४२ अंशांहून जास्त तिरका होऊच शकत नाही, म्हणजे बाजूच्या भिंतीवर तो ४८ अंशांहून जास्तच कोनात आदळतो आणि सगळाच्या सगळा परत फिरतो. त्यामुळे सरळ दांडी गळत नाही. वाकवली की हे बिघडतं. अक्षाला समांतर चाललेले किरणही टिकायला हवे असतील तर वाकणाची आतली त्रिज्या दांडीच्या जाडीच्या किमान दुप्पट लागते. तुमच्या १२ मिमीला २४ मिमी झाली. तिरक्या किरणांना त्याहून मोठी. तुम्ही १० ठेवलीत, म्हणून पेपर वाचता येतोय.

तर वळण काढून टाका. दांडीही काढा. गाइड ठेवा, पण १५ मिमीचा, सरळ, आणि पुढे रुंद होत जाणारा.

माझ्या डोक्यात आहे ते असं. एका पॅकेजमध्ये ओळीने चार चिप बसवलेले एलईडी मिळतात, तो घ्या. प्रत्येक चिपसमोर गाइडचं एक बोट. चिपजवळ ते चिपपेक्षा जेमतेम मोठं, पुढच्या टोकाला ४ मिमी उंच आणि २ मिमी रुंद. चारही बोटं पुढे एकत्र येऊन ८ x ४ मिमीचा एकच चेहरा होतो. तोंड जितकं मोठं होतं तितका किरणांचा पसारा कमी होतो. उंचीत चौपट केलं की उभा पसारा १४-१५ अंशांवर येतो, रुंदीत दुप्पट केलं की आडवा ३० वर. या चेहऱ्यापुढे ४० मिमी नाभीय अंतराची लेन्स ठेवलीत तर १४ अंश म्हणजे वरखाली १० मिमी. तुमची २० मिमीची फट बरोबर भरते. आडवी लेन्स साधारण ४६ मिमी. लेन्सपर्यंत ४०, गाइड १५, मागे बोर्ड आणि हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), हे ८० मध्ये बसतं.

चेहऱ्याची प्रतिमा भिंतीवर सुमारे ११ अंश रुंद आणि ५.७ अंश उंच पडेल. हा झाला मधला दाट भाग. रुंदीत उरलेल्या ४४ मिमीत दुसरं मॉड्यूल (असाच आणखी एक एलईडी-गाइड-लेन्सचा संच) बसवा, त्याच्या लेन्सवर उभ्या पन्हळी काढा. उभ्या पन्हळी प्रकाश फक्त डावी-उजवीकडे फाकवतात, कट-ऑफची आडवी रेघ त्यांनी हलत नाही.

आणि कट-ऑफ फुकटात मिळतो, गाइडचा खरा फायदा तोच. लेन्स प्रतिमा उलटी करते, म्हणून चेहऱ्याची खालची कड म्हणजे रस्त्यावरच्या प्रकाशाची वरची रेघ. मध्ये पत्र्याचा पडदा घालून प्रकाश अडवायची गरज नाही, अडवलेला प्रकाश म्हणजे फुकट गेलेला प्रकाश. आपण डावीकडून गाडी चालवतो, तेव्हा रेघ डाव्या बाजूला १५ अंशांनी वर चढली पाहिजे, उजवीकडे सपाट. प्रतिमा आडवीही उलटते, म्हणून चालवणाऱ्याच्या बाजूने पाहताना चेहऱ्याची खालची कड उजव्या अर्ध्यात १५ अंशांनी उतरती ठेवा. युरोपातलं ड्रॉइंग जसंच्या तसं उचललंत तर चढ उजवीकडे येतो आणि नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त दिव्यांत हे सर्रास दिसतं. म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

---

वास्कोचा ऑटो इलेक्ट्रिक

ताई, माफ करा, पण एवढा घाट कशाला? एलईडी वर तोंड करून ठेवायचा, त्यावर अर्धा रिफ्लेक्टर, झालं. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या स्कूटरींत हेच असतं. साचा एक, ॲल्युमिनियमचं कोटिंग बाहेरून करून आणायचं. गाइडची ती चार बोटं मोडली तर बदलणार कोण? आणि चिपपासून बोटाचं अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर पुढे सगळं वेडंवाकडं. फॅक्टरीत ठीक आहे हो, आमच्यासारख्याने उघडून परत बसवायचं म्हणजे संकट.

---

सावईवेरेकर

तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. फट ४० मिमी उंच असती तर मीही रिफ्लेक्टरच सांगितला असता, स्वस्तात झालं असतं. २० मिमीत अर्धा रिफ्लेक्टर बसवायचा म्हणजे नाभीय अंतर ५ मिमीवर येतं. १ मिमीची चिप ५ मिमीवरून ११ अंशांएवढी दिसते, मग तिची प्रत्येक प्रतिमा तेवढीच फुगलेली पडते. तिच्यातून धारदार रेघ काढायची तर बहुतेक प्रतिमा रेघेच्या बऱ्याच खाली ढकलाव्या लागतात, आणि लांबचा रस्ता अंधारात राहतो. कमी वेगाच्या गाडीला चालेलही. ही स्कूटर बायपासवर जाणार असेल तर मला नाही पटत.

अंतराचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. म्हणून बोर्ड आणि गाइड एकाच धातूच्या पट्टीवरच्या दोन पिनांवर बसवायचे, बॉडीच्या प्लास्टिकवर नाही. दुरुस्तीत ही जोडी उघडायचीच नाही, पूर्ण बदलायची. गॅरेजवाल्यांच्या शिव्या मला मिळतील, घेते.

---

फोंड्याचा पायलट

मी मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाडी मारणारा, फोंडा स्टँडवर असतो. तुमच्या अंशांतलं मला काय कळत नाही, पण एक सांगू का? बोरीचं वळण पावसात रात्री उतरताना समोरून पांढरा एलईडी आला की रस्त्याची कडच दिसत नाही. वरून लाल चिखल काचेवर. आणि माझ्या मित्राच्या नव्या गाडीच्या दिव्यात जून लागला की आतून दव धरतं, सकाळी धरलेलं दुपारपर्यंत जात नाही. जुन्या हॅलोजनला असं होत नव्हतं. तेवढं बघा म्हणजे झालं.

आणि असला दिवा माझ्या गाडीला बसवून मिळेल का? सांगा पात्रांव!

---

सावईवेरेकर

बाब, दवाचं तुम्ही नेमकं पकडलंत. हॅलोजनचा दिवा पुढे उष्णता फेकतो, काच तापते आणि दव उडून जातं. एलईडीची उष्णता मागे हीट सिंकमध्ये जाते, पुढची काच थंडच राहते. त्यात आपली जूनची हवा. उपाय म्हणजे बॉडीला हवा सोडणारी पण पाणी न घेणारी पटलाची टोपी लावायची, एक वर आणि एक खाली, म्हणजे आत थोडी तरी हवा फिरते. नुसतं भोक ठेवलं तर पाणीही येतं आणि मुंग्याही.

टूलरूमवाले, गाइडच्या बाबतीत दव आणखी एका कारणाने वाईट. गाइड हवेच्या भरवशावर प्रकाश आत धरून ठेवतो. बाजूला पाण्याचा थर बसला की क्रांतिक कोन ४२ वरून ६३ अंशांवर जातो, मधल्या कोनांचे सगळे किरण तिथून बाहेर. तेलकट हाताच्या ठशाचंही तेच, गोंदाच्या थेंबाचंही तेच. म्हणून बोटांना बाजूने कशाचाही स्पर्श नको, पकडायचं ते फक्त फ्लँजला, म्हणजे गाइडच्या कडेने काढलेल्या पट्टीला.

तुमच्या गाडीला बसवायचं म्हणाल तर नको. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ गाडीत बदल करायला मनाई आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडही प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत गेला आहे. शिवाय दुसऱ्या गाडीसाठी काढलेला दिवा तुमच्या हँडलवर बसला की त्याचा कट-ऑफ कुठे जाईल ते बसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आहे तोच दिवा नीट लावून घ्या. गाडीवर बसा, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, उजेडाची वरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली हवी. मागे प्रवासी बसला की तोंड वर उठतं, तुमच्या धंद्यात तर मागे कायमच कुणीतरी बसलेलं. तेव्हा कुणाला तरी मागे बसवूनच रेघ लावा.

---

कुंडईचा टूलरूमवाला

ताई, ११३ पटीचा हिशेब वाचून त्या मुलाला फोन लावला. दांडी गेली, बोटं आली. आता माझ्या पातळीवरचे प्रश्न. मटेरियल ॲक्रिलिकच ठेवू ना? आमच्याकडे तेच चालतं. साच्याला ड्राफ्ट (भाग सुटून यावा म्हणून भिंतींना दिलेला उतार) लागणार, त्याने तुमचे कोन बिघडतील का? गेट, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरायची जागा, कुठे देऊ? आणि आधी एक नमुना सीएनसीवर काढून बघायचाय, तो पुसायला आमचं नेहमीचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालेल का?

---

सावईवेरेकर

आयपीएची बाटली आधी त्या टेबलावरून हलवा. यंत्रावर कापलेल्या ॲक्रिलिकमध्ये ताण साठलेला असतो, त्याला अल्कोहोल लागलं की बारीक तडे उमटतात. उजेडाकडे तिरकं धरल्याशिवाय ते दिसतही नाहीत, आणि मग तुम्ही आठवडाभर पॉलिशला दोष देत बसाल. साबणाचं कोमट पाणी, मऊ कापड, बस. नमुना कापून झाल्यावर ८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवून हळूहळू थंड करा, ताण बराच उतरतो. कडा ज्योतीने चमकवू नका, त्याने ताण वाढतो. हिऱ्याच्या पेस्टने हातानेच घासा. आणि खालच्या कडेजवळ घासताना तिच्या समोर दुसरा ॲक्रिलिकचा तुकडा दाबून धरा, नाहीतर कड गोलावते. सगळा कट-ऑफ त्या एका कडेवर आहे. गोलाई ०.०५ मिमी चालेल, ४० मिमीच्या लेन्सला ती ०.०७ अंश दिसते. ०.३ झाली की रेघ पुसट.

मटेरियल: लेन्स ॲक्रिलिकची, गाइड पॉलिकार्बोनेटचा. गाइडचं टोक चार चिपांच्या नाकासमोर असतं. ॲक्रिलिक ९० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, पॉलिकार्बोनेट १२० लाही उभं राहतं. मोठ्या कंपन्या इथे पारदर्शक सिलिकोन वापरतात, ते उत्तमच, पण त्याचं मशीन वेगळं आणि तुम्ही त्याच्या नादी आत्ताच लागू नका. लेन्सला उलट पॉलिकार्बोनेट नको, ते रंग जास्त फाकवतं आणि कट-ऑफच्या रेघेला निळी किनार दिसते. बाहेरचं कव्हर पॉलिकार्बोनेटचंच, पण वर हार्ड कोट हवाच, आपल्या उन्हात नाहीतर दोन वर्षांत पिवळं.

उन्हावरून आठवलं. हे बहुतेक लोक विसरतात. दुपारनंतर मिरामारला समुद्राकडे तोंड करून स्कूटर लावली की कलता सूर्य थेट लेन्समध्ये. प्रकाश बाहेर जातो तसाच आतही येतो, आणि सूर्याची प्रतिमा पडते ती अगदी गाइडच्या चेहऱ्याजवळ. गाइड पारदर्शक, त्याला फारसं काही होत नाही. त्याच्याभोवती काळ्या प्लास्टिकचा होल्डर असेल तर तो वितळतो. चेहऱ्याभोवती धातूची चौकट ठेवा. नमुना तयार झाला की दिवा न लावता संध्याकाळच्या उन्हात वेगवेगळ्या तिरकसपणाने धरून बघा, धूर येतोय का.

ड्राफ्ट: बिघडणार नाहीत, उलट मदतच. बोट पुढे रुंद होत जातंय, तेव्हा चेहऱ्याच्या बाजूला ओढलंत की ड्राफ्ट आपोआपच आला. भिंत जितकी कललेली, त्याच्या दुप्पट किरण प्रत्येक आपटीला अक्षाकडे वळतो. मी जे १४ अंश म्हणते ते त्यातूनच येतात. फक्त भिंतींचा नक्की वक्र मी काढून देईन तोच ठेवा, "सोयीसाठी अर्धा अंश इकडे" असं नको.

गेट फ्लँजच्या पाठीवर. चेहऱ्यावर नाही, बोटांच्या टोकांवर तर अजिबात नाही. चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग लेन्समधून वीसपंचवीस मीटर पुढे रस्त्यावर पसरून दिसतो. भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनाही फ्लँजवरच.

दाणे वाळवायचं तुम्हाला मी काय सांगणार, पण पावसात झाकणांना चालतं ते इथे चालत नाही. पॉलिकार्बोनेट १२० अंशांना तीन-चार तास, ॲक्रिलिक ८० ला तेवढंच, आणि हॉपरसुद्धा गरम. ओल राहिली की भागात चांदीसारख्या रेघा येतात. बाटलीच्या झाकणात त्या कोण बघतो? गाइडमध्ये मात्र तिथून प्रकाश विखुरतो आणि नेमका कट-ऑफच्या वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

चेहरा आणि बोटांची फाइल दोन दिवसांत टाकते. त्याआधी त्या मुलाकडून एक लेखी घ्या: हीट सिंकला वाहती हवा मिळणार आहे की पॅनेलच्या मागे कोंडून ठेवणार आहे. चार चिप म्हणजे १२ वॅट, त्यातली बरीचशी उष्णताच, आणि एलईडी तापला की उजेड उतरतो. हवा नसेल तर हीट सिंक मोठा लागेल, मग ८० मिमी खोलीचा हिशेब मला पुन्हा मांडावा लागेल.

---

कुंडईचा टूलरूमवाला

विचारलं. कोंडून ठेवणार म्हणतो. पण खोली १०० करून द्यायला तयार झाला, उंची मात्र नाही.

---

सावईवेरेकर

१०० पुरेत. पाठवते फाइल.